उजव्या हाताचा खेळ

गिटारवर गाणे वाजवताना कोणता सूर वाजणार हे डावा हात ठरवतो आणि तो कधी वाजणार हे उजवा. वाटणी इतकी सरळ असूनही शिकणाऱ्याचे सगळे लक्ष, सगळी काळजी आणि सगळे कौतुक डाव्या हाताकडे जाते. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडतात. ते आल्यागेल्याला दाखवता येतात. एफ कॉर्डसाठी, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या त्या जुडग्यासाठी, पहिले बोट सहाही तारांवर आडवे दाबावे लागते; त्याचे गाऱ्हाणे वर्षभर पुरते. उजव्या हाताला यातले काहीच होत नाही. तो खाली जातो, वर येतो, एवढे काय कुणालाही जमेल असे सगळे धरून चालतात, आणि गाणे बिघडते ते नेमके तिथे. डावखुऱ्यांनी या लेखातले हात उलटे समजून घ्यावेत. जगाने त्यांना तेवढी सवय लावलेलीच आहे.

ऐकणाऱ्याचा कान या बाबतीत साफ पक्षपाती असतो. जी मेजरच्या जागी चुकून ई मायनर वाजली, तर दोन्हींचे तीनपैकी दोन सूर एकच असल्यामुळे बहुतेकांना पत्ता लागत नाही. लागलाच तर 'काहीतरी नवीन टाकलंय' म्हणून मान डोलते. पण पुढच्या कॉर्डची जुळवाजुळव करताना ताल क्षणभर थांबला, की मांडीवर ठेका धरून बसलेल्या आजोबांचा हात हवेतच राहतो आणि ते चष्म्यावरून बघू लागतात. आजोबांना कॉर्ड म्हणजे काय ते ठाऊक नसते. गाणे चालता चालता ठेचकाळले, एवढे मात्र त्यांना पक्के कळते.

उजव्या हाताची खरी किंमत १५ ऑगस्ट १९६९ रोजी अमेरिकेतल्या वुडस्टॉक महोत्सवात जगाला दिसली. रस्ते गाड्यांनी तुंबले होते, कलाकार वाटेत अडकले होते आणि लोक तर येऊन बसले होते. जो हाताशी होता त्या रिची हेवन्स या गिटारवाल्या गायकाला आधी मंचावर चढवण्यात आले. हेवन्स तारा अशा जुळवत असे की मोकळ्या तारा छेडल्या तरी एक अख्खी कॉर्ड वाजावी. मग डाव्या हाताचा अंगठा वरून आडवा टाकायचा आणि तो पट्टीवर इकडून तिकडे सरकवायचा, की झाल्या बाकीच्या कॉर्ड. म्हणजे डाव्या हाताचा सगळा कारभार बहुतांशी एका अंगठ्यावर. उजवा हात मात्र असा काही चालला होता की गाण्यांचा साठा संपल्यावर 'फ्रीडम' हे गाणे त्याने तिथल्या तिथे उभे केले आणि तेच पुढे त्याची ओळख ठरले. एफ कॉर्ड येत नाही म्हणून गिटार माळ्यावर टाकणाऱ्यांनी या अंगठ्याचा फोटो भिंतीवर लावायला हरकत नाही.

स्ट्रमिंग म्हणजे पिकने, म्हणजे चिमटीत धरायच्या छोट्या चकतीने, किंवा बोटांनी अनेक तारा एका झटक्यात छेडणे. वरून खाली, म्हणजे जाड तारेकडून बारीक तारेकडे हात गेला की 'डाउन' आणि परत आला की 'अप'. सगळ्या जगाचे स्ट्रमिंग या दोन शब्दांत बसते. त्यांच्या निरनिराळ्या जुळण्यांना पॅटर्न म्हणतात, आणि त्यांतला एक पॅटर्न इतका प्रसिद्ध आहे की गिटारच्या क्लासखालच्या वाण्यालाही तो पाठ असावा: डाउन, डाउन-अप, अप-डाउन-अप. पहिल्या महिन्यात हा मिळतो. काही जणांना नंतर दुसरा मिळतच नाही. प्रेमगीत, विरहगीत, देशभक्तीपर गीत आणि वाढदिवसाचे गाणे अशी त्यांची सगळी उपजीविका याच एका पॅटर्नवर चालते.

या पॅटर्नची बांधणी मात्र बारकाईने बघण्यासारखी आहे. चार मात्रांचे एक आवर्तन घ्यावे आणि प्रत्येक मात्रेचे दोन भाग करून मोजावे: एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि. आकड्यावर हात खाली, 'आणि'वर हात वर. असे आठ फटके होतात. त्यांतले सहा वाजवायचे आणि दोन सोडायचे. पहिल्या मात्रेनंतरचा 'आणि' एक, आणि दुसरा म्हणजे खुद्द तिसरी मात्रा. सोडायचे म्हणजे हात थांबवायचा नाही. तो ठरल्या वेळी खाली जाणारच, ठरल्या वेळी वर येणारच. फक्त तारांना न शिवता जाणार. कागदावर सहा बाण असतात, पण हाताच्या हालचाली आठ असतात. न काढलेले ते दोन बाण हीच या विद्येची किल्ली आहे, आणि कागद छापणारा ती कागदावर देत नाही.

सहा बाण पाहून शिकणारा सहा फटके पाठ करतो आणि सहाही सारख्या अंतराने वाजवतो. मग चारात सहा बसवण्याची जी कसरत सुरू होते ती बघवत नाही. पहिला डाउन जातो, दुसरा डाउन जातो, अप येतो आणि हात वर जाऊन थांबतो, कारण कागदावर पुढेही 'अप'च लिहिलेले आहे आणि हात तर आधीच वर आहे. आता वरून आणखी वर कुठे जायचे? शिकणारा खाली बघतो, मग कागदाकडे बघतो, आणि कुणाचे लक्ष नाहीसे बघून हात हळूच खाली नेऊन पुन्हा वर ओढतो. एवढ्यात तिसरी मात्रा होऊन गेलेली असते, चौथी दारात उभी असते, आणि गाणारी बहीण शेवटचा शब्द लांबवत, डोळे मोठे करून भावाकडे बघत असते.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला ही रिकामी मात्रा नवी वाटू नये. तबल्याच्या क्लासला दोन महिने जाऊन आलेल्या पोरालाही हाताने ताल धरता येतो: समेवर टाळी, मग बोटे मोजायची, आणि कालावर हात नुसता हवेत उलटा करायचा. आवाज नाही, पण हालचाल आहे. ती चुकली तर सगळा ताल गेला. केरवा आठ मात्रांचा, धा गे न ती न क धी न. त्याची टाळी पहिल्या मात्रेवर आणि काल पाचव्या मात्रेवर. आता गिटारचे ते आठ फटके एकापासून आठपर्यंत मोजले, तर जगप्रसिद्ध पॅटर्नमध्ये सुटलेली 'तिसरी मात्रा' बरोबर पाचव्या जागी येते. म्हणजे गिटारवाला जिथे हात हवेतून नेतो, तिथेच तबलजीचा शिष्यही हात हवेत उलटा करतो. दोघे एकमेकांना कधी भेटले नाहीत, तेव्हा ही जुळणी म्हणजे निव्वळ योगायोग. पण योगायोग सोयीचा असला की त्याचा फायदा घ्यावा. पॅटर्न 'डाउन-डाउन-अप' असा घोकण्याऐवजी पाचव्यावर काल धरून मोजला, तर अडलेला हात बऱ्याचदा त्याच बैठकीत सुटतो.

हात हलतो कुठून, हाही प्रश्नच आहे. नवशिके कोपरापासून अख्खा हात फिरवतात. एका गाण्यात खांदा भरून येतो आणि आवाज फळकुटावर फडके आपटल्यासारखा निघतो. कोपराचे काम हाताला जागेवर धरण्याचे. वजन मनगटाने आणि कोपरापुढच्या हाताच्या वळण्याने पडायला हवे. पिक तर अगदी सैल धरायचे, पण सुटेल इतके नाही; ही सूचना 'मीठ चवीप्रमाणे' या जातीची आहे आणि तितकीच निरुपयोगी, तरी तिला पर्याय नाही. अंगठा आणि पहिले बोट यांच्या चिमटीतून पिकचे टोक तीन-चार मिलिमीटर बाहेर राहिले तर पुरे. त्याहून जास्त बाहेर आले की ते तारांत अडकते. वर जाताना सहाही तारा छेडण्याची गरज नसते. खालच्या दोन-तीन बारीक तारांना स्पर्श झाला की 'अप' वाजला. नवशिका मात्र विहिरीतून बादली काढावी तसा जोर लावून सहाही तारा ओढतो.

पिकची जाडी साधारण अर्ध्या मिलिमीटरपासून दीड मिलिमीटरपर्यंत मिळते. स्ट्रमिंगला पातळ बरे. ते वाकते आणि हाताच्या चुका पोटात घालते. जाड पिक एकेका तारेवरच्या कामाला चांगले, स्ट्रमिंगमध्ये ते चुगलखोर निघते. पूर्वी चांगली पिके समुद्री कासवाच्या कवचाची असत. १९७०च्या दशकात त्या कवचाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली आणि प्लॅस्टिकने जागा घेतली. घरगुती पातळीवर मुदत संपलेले एटीएम कार्ड आणि दह्याच्या डब्याचे झाकण यांच्यावरही प्रयोग झालेले आहेत. कार्ड चालते.

पिकचा खरा गुण वेगळाच आहे. ऐन रंगात आलेल्या गाण्यात ते बोटांतून सुटते आणि गिटारच्या मधल्या भोकातून आत जाते. बाहेर शंभर वाटा असताना ते आतच का जाते, याचे समाधानकारक उत्तर नाही. मग गिटार पालथी होते, डोक्यावर आडवी धरली जाते, हलवली जाते. आत खुळखुळ ऐकू येते. पिक भोकापर्यंत येते, कडेवर क्षणभर टेकते आणि पुन्हा आत जाते. घरातले सगळे सल्ला देतात. कुणी टॉर्च आणतो, कुणी चिमटा. शेवटी तार थोडी बाजूला सारून काका दोन बोटे आत घालतात आणि पिकच्या जागी गेल्या दिवाळीत आत गेलेले दुसरेच पिक बाहेर काढतात. जाणकार म्हणून खिशात तीन पिके ठेवतात आणि एक गेले की मागे वळून बघत नाहीत.

सरावाची पहिली पायरी डाव्या हाताला सुटी देण्याची आहे. त्याची बोटे तारांवर नुसती टेकवून ठेवावीत, दाबू नयेत. मग तारांतून सूर निघत नाही, फक्त 'छक-छक' निघते, आणि उजव्या हाताचे सगळे गुणदोष उघड्यावर येतात. आधी आठही फटके, न सोडता, सारख्या अंतराने. ते पाणी पिता पिता जमू लागले की त्यांतले हवे ते वगळायला सुरुवात करायची. सगळे भरून घेऊन नको ते गाळायचे, हा क्रम महत्त्वाचा; रिकाम्या जागेत एकेक फटका आणून ठेवणाऱ्याचा हात प्रत्येक फटक्यानंतर विचारात पडतो. तोंडाने मोजणे चालू हवे, आणि मोठ्याने. शेजारच्या फ्लॅटमधल्या लोकांना सूर नसलेली ही छक-छक दुपारी दोन ते चार या वेळात आवडत नाही, पण सूर लावून केलेला सरावही त्यांना आवडत होता असे नाही.

दुसरी पायरी मेट्रोनोमची, म्हणजे ठरल्या वेगाने टिकटिक करणाऱ्या यंत्राची. योहान मेल्त्सेलने १८१५ मध्ये या यंत्राचे पेटंट घेतले. त्यातली मुख्य युक्ती आम्स्टरडॅमच्या विंकेलची होती, आणि ते दुखणे विंकेलच्या मनातून कधी गेले नाही. आता हे यंत्र फोनमध्ये फुकट मिळते. त्याच्याबद्दल सर्वांत जास्त येणारी तक्रार अशी की ते मध्येच वेग वाढवते. ते वाढवत नाही. वेग माणूस वाढवतो, आणि महाराष्ट्रात त्याचे शिक्षण लहानपणीच मिळते: गणपतीत पहिली आरती ज्या लयीत सुरू होते, त्या लयीत पाचवी आरती संपलेली कुणी ऐकलेली नाही. टाळ्या आणि झांजा मिळून लय अशी चढते की शेवटी शब्दांची नुसती धूळ उडते. आरतीत ते शोभते, नैवेद्यही समोर असतो. गिटारवर ध्रुवपद मिनिटाला ८० मात्रांनी सुरू होऊन दुसऱ्या अंतऱ्यात १०० वर गेले, तर गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

संथ गाणे सोपे, असाही एक समज आहे. मिनिटाला ६० मात्रांच्या गाण्यात दोन मात्रांमध्ये पूर्ण एक सेकंद मोकळा असतो, आणि त्या सेकंदात नवशिक्याचे मन कुठेही जाऊन येते. म्हणून संथ गाण्यात मात्रेचे दोनऐवजी चार भाग करतात आणि हात दुप्पट फिरवतात. गाणे सावकाश चालते आणि हात घाईत असतो. ऐकणाऱ्याला मात्र सगळे निवांत वाटते.

आता डाव्या हाताला परत बोलवायला हरकत नाही. तो येतो आणि येताच भांडण लावतो. जी वरून सी वर जाताना तीन बोटांना नवी घरे शोधायची असतात. तेवढा वेळ उजव्या हाताने थांबावे, अशी त्याची अपेक्षा असते, आणि उजवा हात भिडस्तपणाने थांबतो. इथे नियम एकच आहे: उजव्या हाताने कुणासाठीही थांबायचे नाही. कॉर्ड तयार नसेल तर नसेल, अर्धवट वाजेल, 'छक' वाजेल, पण फटका वेळेवर जाईल. डाव्या हाताची गाडी चुकली की तो दुसऱ्या दिवशी आपोआप लवकर निघतो.

यात एक पळवाट आहे. भल्या भल्या गिटारवाल्यांचे वाजवणे हळू करून ऐकले तर कळते की आवर्तनाच्या शेवटच्या 'आणि'वर, म्हणजे आठव्या फटक्यावर, डावा हात बहुतेक वेळा पट्टीवरून उठलेला असतो. तो 'अप' मोकळ्या तारांवर वाजतो. बारीक तीन तारा मोकळ्या असल्या तर त्यांचे सूर जी, बी आणि ई. साध्या कॉर्डच्या गाण्यात ते कुठल्याही दोन कॉर्डच्या मध्ये खपून जातात, आणि तो फटका इतका आखूड असतो की कान त्याला कॉर्ड मानतच नाही. अर्ध्या मात्रेची ही उसनवारी सगळे करतात. क्लासमध्ये ती शिकवत नाहीत, कारण शिकवली तर विद्यार्थी आठव्या फटक्याऐवजी पाचव्यालाच हात उचलेल.

इतके झाल्यावर गाण्याकडे वळता येते. शिकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: 'याचा पॅटर्न कोणता?' हा प्रश्न दुसऱ्याला विचारण्याआधी गाण्यालाच विचारलेला बरा. मूळ ध्वनिमुद्रण लावावे, गिटार बाजूला ठेवावी आणि पाय आपटावा. पाय चारांत पडतो की तीन-सहांत, एवढे आधी ठरवावे. मग ड्रम ऐकावा, तबला किंवा ढोलकी असेल तर ती ऐकावी. पहिल्या फेरीत दर मात्रेला फक्त एक डाउन देऊन अख्खे गाणे पार करावे, कॉर्डसकट. हे इतके साधे दिसते की बहुतेकांना त्यात कमीपणा वाटतो. त्यांच्यासाठी फ्रेडी ग्रीनचे उदाहरण आहे. काउंट बेसीच्या जॅझ वाद्यवृंदात हा माणूस १९३७ मध्ये आला आणि १९८७ मध्ये वारला तोपर्यंत तिथेच होता. बहुतेक सगळा वेळ त्याने आवर्तनाला चार डाउन वाजवले. सोलो जवळपास नाही, ॲम्प्लिफायर नाही. समोर तुताऱ्यांची आणि सॅक्सोफोनांची फौज. तरी त्या चार फटक्यांशिवाय सगळी फौज अधांतरी झाली असती असे तिच्यातलेच लोक मानत. पन्नास वर्षे चार डाउन. पहिल्या आठवड्यातच ज्यांना कंटाळा येतो त्यांनी हा हिशोब करून बघावा.

सर्वांत मोठी फसगत दादऱ्याची. धा धी ना, धा ती ना: सहा मात्रा. आपल्याकडची कितीतरी भावगीते आणि जुनी चित्रपटगीते या झुल्यावर आहेत, आणि कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध उकळत असताना आत्या जे गाणे म्हणायला लागतात ते हटकून यातलेच निघते. गिटारवाल्याजवळ पॅटर्न आठांचा. तो निष्ठेने आठच वाजवतो. सहा आणि आठ यांची गाठ चोवीस मात्रांनी पडते. तेवढ्या एका ठिकाणी आत्या आणि गिटार समोरासमोर येतात, हसतात, आणि पुन्हा आपापल्या वाटेने निघून जातात. दूध आटते. 'तुझं चालू दे, मी आपली नुसतीच म्हणते,' असे आत्या प्रेमाने सांगतात. दादऱ्यात हात आळीपाळीने खाली-वर नेला तरी अडचण येतेच, कारण चौथी मात्रा 'अप'वर पडते आणि तिथे तर वजन हवे असते. म्हणून तीन-तीनचे दोन गट करून 'डाउन-डाउन-अप, डाउन-डाउन-अप' असे वाजवतात. दोन्ही गट डाउनने सुरू होतात आणि झुला मिळतो. पहिल्या डाउनला फक्त जाड तार आणि पुढच्या दोनांना बारीक तारा हलकेच, एवढे केले तर आत्यांचे मत लगेच बदलते.

काही गाण्यांत स्ट्रमिंग शोधणेच व्यर्थ असते. 'कलाकार' (१९८३) या चित्रपटातले 'नीले नीले अंबर पर' हे नवशिक्यांचे फार लाडके. गिटार खांद्याला लागली की महिन्याभरात त्याची फर्माईश होते. त्याची चाल आली संगीतकार इळैयाराजांच्या १९८२ च्या तमिळ गाण्यावरून, 'इळैय निला'वरून, आणि तिथली गिटार तारा एकेक करून छेडणारी आहे. तिला झोडपून तो परिणाम येत नाही. तरी दरवर्षी नवी तुकडी तिला झोडपते.

पॅटर्न बरोबर बसला तरी गाणे बऱ्याचदा पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखे एकसुरी वाजते, कारण सगळे फटके एकाच जोराचे असतात. उच्चारात जसा आघात, तसा स्ट्रमिंगमध्ये ॲक्सेंट. पाश्चात्त्य धर्तीच्या गाण्यांत ड्रमवाल्याचा स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. गिटारवालाही तिथे जोर देतो, किंवा तळव्याची कड तारांवर आपटून आवाज तिथल्या तिथे दाबतो. श्रोत्यांच्या टाळ्या मात्र आपल्याकडे पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर जातात. सोसायटीच्या गणेशोत्सवात 'विविध गुणदर्शन' चालू असताना दीडशे माणसे एका बाजूला आणि एक गिटार दुसऱ्या बाजूला अशी ही रस्सीखेच होते. तिच्यात गिटार जिंकल्याचे उदाहरण नाही. शहाणा वादक दोन आवर्तनांत श्रोत्यांच्या बाजूला जातो आणि हे आधीपासूनच ठरले होते असा चेहरा ठेवतो.

जोराचा दुसरा भाग गाण्याच्या घडणीचा. अंतऱ्याला हात हलका, ध्रुवपदाला भरून; दोन्हींत पॅटर्न तोच ठेवला तरी फरक पडतो. आणि 'अप' कधीही डाउनच्या तोडीचा वाजू नये. एवढे पाळल्यावर हाताला शोभेच्या हालचाली द्यायला हरकत नाही, पण बेताने. 'द हू' या इंग्लिश बँडचा पीट टाउनशेंड अख्खा हात वर्तुळात गरगरा फिरवून तारांवर आणतो आणि ते दिसते फार झकास. त्याचा मंच उघडा आणि उंच असतो. दोन खोल्यांच्या घरात वर पंखा असतो, बाजूला टीव्ही असतो आणि मागे देव्हारा.

यानंतर तोंड. हाताला पॅटर्न आला आणि तोंडाला गाणे आले, तरी दोन्ही एकत्र आणले की हात शब्दांच्या मागे धावू लागतो. शब्द लांबला की हात लांबतो, शब्द दाटीवाटीने आले की हातही दाटी करतो, आणि गायकाने श्वास घेतला की हात बंद. यावर गुरुजनांत एक परीक्षा चालते. पॅटर्न वाजवत राहायचे आणि कुणाशी तरी साधे बोलायचे. स्वयंपाकघरातून 'चहा टाकू का रे?' असे विचारले गेले आणि हात न चुकता 'अर्धा कप, साखर कमी' एवढे उत्तर देता आले, तर पॅटर्न अंगात भिनला. फक्त 'हो' म्हणणाऱ्याला अर्धे गुण. 'हो' समेवर टाकून वेळ मारून नेता येते. मराठी घरात या परीक्षेला परीक्षक कमी पडत नाहीत. गॅसवाला येऊन गेला का, लाइटबिल भरले का, दाराला कडी लावली का, हे सगळे प्रश्न नेमके सरावाच्या वेळी येतात. त्यांना उत्तरे देत देत ज्याचा हात चालू राहिला, त्याला गाण्याचे शब्द फार जड जात नाहीत. शब्द आणण्याआधी चाल नुसती गुणगुणावी, मग एकेक ओळ घालावी. पहिला शब्द नेमका कोणत्या फटक्यावर पडतो हे कागदावर खुणेने लिहून ठेवावे, कारण तो समेवर क्वचितच पडतो.

शेवटी शेवट. गाणे सुरू करायचा सराव सगळे करतात, संपवायचा कुणी करत नाही. त्यामुळे घरगुती मैफलीतले गाणे संपत नाही, ते थांबते: गायक थांबतो, गिटार आणखी दीड आवर्तन पुढे जाते, मग चार फटके एकेक करत गळतात. बरोबर रीत अशी की शेवटच्या ओळीची आवर्तने आधीच मोजून ठेवावीत, शेवटच्या आवर्तनात हात जरा सावकाश करावा, आणि शेवटची कॉर्ड पहिल्या मात्रेवर एकाच डाउनने, जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत उलगडत वाजवून हात तारांपासून लांब न्यावा. त्याआधी शेवटची ओळ दोनदा म्हणायची की तीनदा, हे गाणाऱ्याशी ठरवून घ्यावे लागते. गाणारे 'दोनदा' असे सांगतात आणि समोर फोन धरून कुणी व्हिडिओ घेताना दिसले की चारदा म्हणतात. म्हणून वादकाने डोळे मिटून वाजवू नये. शेवटच्या ओळीला गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहावे, आणि हात चालू ठेवावा.